आतलं अस्तर

पुणे
१२ जानेवारी १९९८

दादा,

जयभीम.

परवा दिशाच्या वाढदिवसाला भिंगारला आले, चार तास बसले आणि परत आले. सगळ्यांसमोर बोलले नाही, म्हणून आता लिहिते.

तुझ्या क्वार्टरला चौदा पायऱ्यांचा एक जिना आहे. तो चढून तू वर आलास आणि कॉटवर बसलास. पाच मिनिटं तोंडातून शब्द फुटला नाही. विजयमाला वहिनीने पंखा लावला, आईने पाणी दिलं. दम आवरल्यावर तू पहिलं काय मागितलंस? केक. डेपोतला स्टोअरकीपर, हाताखाली सहा माणसं, आणि मुलीने मेणबत्ती विझवायच्या आत बापाचं बोट क्रीममध्ये. मला तुझी लाज वाटली. अशी लाज मला गावच्या, खर्ड्याच्या घरातसुद्धा कधी वाटली नव्हती.

दर भेटीत तू विचारतोस, "काय म्हणतात तुझे उंदीर?" आणि स्वतःच हसतोस. तर ऐक, काय म्हणतात ते. माझ्या लॅबमधले अर्धे उंदीर साधं खाणं खातात. उरलेल्यांना वनस्पती तूप आणि साखर, हवं तितकं. चार महिन्यांत ते तुझ्यासारखे होतात, कोपऱ्यात बसून राहतात आणि हलवलं की चिडतात. वरून गुबगुबीत. आतून मात्र गंजलेले. रक्तवाहिनीला आतल्या बाजूने एक अस्तर असतं, फक्त एका पेशीच्या जाडीचं. शरीर प्राणवायू वापरतं तेव्हा काही अर्धवट, भडक कण सुटतात. थोडे असतील तर शरीर त्यांना आवरतं. चरबी वाढली की ते आवरत नाहीत, आणि अस्तर पोखरायला लागतात.

याला दुरुस्ती असते. हाडाच्या आतल्या मगजात मूळपेशी असतात. त्यांतल्या काही रक्तात उतरतात आणि फाटलेलं अस्तर भरून काढतात, असं गेल्याच वर्षी अमेरिकेत कोणीतरी दाखवलंय. लठ्ठ शरीरात ही दुरुस्ती बंद का पडते, हा आमचा प्रश्न. मला वीस लठ्ठ माणसांचं रक्त हवंय. तुझं दे. आयुष्यात एकदा तरी तुझ्या वजनाचा कुणाला उपयोग होईल.

प्रज्ञा


भिंगार
२५ जानेवारी १९९८

संशोधक बाईसाहेब प्रज्ञा रंभाजी यांना, मु. पो. उंदीर,

जयभीम. पत्र मिळालं. दिशाने आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आईला केकपर्यंत कळलं, पुढचं कळलं नाही. मला सगळं कळलं. आमच्या क्वार्टरच्या दुरुस्तीसारखंच आहे ते. रजिस्टरात तक्रार लिहा, पावसाळा उलटेपर्यंत वाट बघा, माणूस येत नाही. एवढ्यासाठी पुण्यात आठ वर्षं घालवलीस? इथे काउंटरवर विचारलं असतंस तर चहा पिता पिता सांगितलं असतं.

आता माझं ऐक. बहात्तरच्या दुष्काळात तू आठ वर्षांची होतीस, म्हणून तुला गंमत वाटते. मी एकोणीस वर्षांचा होतो. पाझर तलावाच्या कामावर दिवसभर खडी फोडायची आणि संध्याकाळी सरकारने वाटलेल्या सुकडीसाठी रांगेत उभं राहायचं. पुढे दोन वर्षांनी बाप गेला. तिरडीला चौघं लागतात म्हणून चौघं गेलो. दोघांनी भागलं असतं. रंभाजीच्या अंगावर तुझ्या त्या भडक कणांना खायला काही नव्हतंच. आतलं अस्तर एकदम झकास असेल त्याचं. बेचाळिसाव्या वर्षी मेला.

आपल्या सात पिढ्यांत पोट सुटलेला पहिला माणूस मी. मी खर्ड्यात एसटीतून उतरतो तेव्हा ज्यांनी बापाला ओट्याखाली उभं केलं, त्यांचीच पोरं मला "या साहेब" म्हणून खुर्ची ओढून देतात. माझी डिग्री त्यांना दिसत नाही, कारण ती नाहीच. त्यांना हे एकशे बारा किलो दिसतात. लांबून दिसतात.

तू मात्र पुण्यात जाऊन तिथल्या बायकांसारखी काकडी खायला शिकलीस आणि आता जेवणाऱ्याकडे तसंच बघतेस, जसं पूर्वी लोक न जेवणाऱ्याकडे बघायचे. रक्त मिळणार नाही. उंदरांना माझा नमस्कार.

महेंद्र


पुणे
२० फेब्रुवारी १९९८

दादा,

बापाची तिरडी मध्ये आणलीस की मी गप्प बसेन असं तुला वाटलं. नाही बसणार. भूक मीही पाहिली आहे. तू खातोस ते भुकेने नाही, सुडाने खातोस. आणि सूड कुणावर? खर्ड्याची माणसं मजेत आहेत. तुझ्याच नसांवर.

एक प्रयोग सांगते, तुला कळेल असा. उंदराच्या कानाला आम्ही बारीक छिद्र पाडतो. साध्या उंदराचं छिद्र दहा दिवसांत भरतं. लठ्ठ उंदराचं पंचविसाव्या दिवशीही उघडं असतं, कडा काळ्या पडलेल्या. तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटतच नाहीत. मगजातून ज्यांनी यायचं त्या पेशी एक तर निघत नाहीत, नाही तर निघून वाटेत मरतात. त्याच भडक कणांनी.

गेल्या आठवड्यात मी हे सेमिनारमध्ये मांडलं. सुरुवातीला लठ्ठ माणसाची एक स्लाइड हवी होती. वाढदिवसाचा तुझा फोटो होता, कॉटवर बसलेला, हातात केक. डोळ्यांवर काळी पट्टी लावून तोच दाखवला. लॅबच्या सरांनी विचारलं, "हा पेशंट की इशारा?" सगळं सभागृह हसलं. मीही हसले. तुला सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

रक्त अजून मागते आहे. घाबरत असशील तर तसं लिही.

प्रज्ञा


पुणे
३० मार्च १९९८

दादा,

सव्वा महिना उत्तर नाही. रुसलास वाटतं. एवढं मोठं शरीर आणि मन एवढंसं. मी वाट बघणार नाही. एकोणीस माणसं मिळाली आहेत, विसावंही मिळेल.

आईला औषध वेळेवर द्या.

प्रज्ञा


भिंगार
६ जुलै १९९८

चि. प्रज्ञाला आई बनाबाईचा आशीर्वाद.

मी बोलते आन दिशा लिवती. तिला म्हनलं, शाळंतलं नगं लिवू, मी जसं बोलते तसंच लिव.

पोरी, तू रागानं आली न्हाईस, मला ठावं हाय. पन आता ये. म्हेंदरच्या पायाला लई वंगाळ झालंया. उन्हाळ्यापासनं पायमोजा काढंना. मी म्हनलं, एवढ्या उकाड्यात पायमोजा कशाला? तर म्हनला, डेपोत तसा नियम हाय. घरात आला तरी काढंना. विजयमालाला खोलीतनं बाहेर काढून सोताच पट्टी करतो. सोताच धुतो. आमाला वाटलं भेगा असतील.

काल मोरीत पाय घसरून पडला. उचलायला तिघं लागली. तवा पायमोजा निघाला. बारकं बोट काळं ठिक्कर हाय, शेजारचं बी. वास येतो. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं तर म्हनतो, "आये, पुन्याला लिवू नगंस. बाकी कुनाला बी सांग, तिला नगं." मी इचारलं, का रं? तर भितीकडं तोंड केलं.

आता भांडान काय हुतं ते मला समजत न्हाई. दिशा मला तुमची पत्रं वाचून दावती, पन मधी मधी थांबती आन काय तरी गाळती, मला कळतं. तुमी दोघं शिकलेली, शिकल्याली भांडनं भांडा. पन पाय हाय तंवर ये.

तुजी आई


भिंगार
२ सप्टेंबर १९९८

प्रज्ञा,

नऊ जुलैला तू आलीस, मला नगरला दवाखान्यात टाकलंस, आणि दीड महिना दर रविवारी पुण्याहून येऊन माझ्या पायथ्याशी बसलीस. मी तुझ्याशी एक शब्द बोललो नाही. आता घरी आलोय. पाय नाही, वेळ भरपूर आहे, म्हणून लिहितो.

आधी दोन बोटं घेतली. मग पंजा. चौदा ऑगस्टला गुडघ्याखाली वीतभर ठेवून बाकी सगळं. सर्जनने साखर तपासली तर तीनशे ऐंशी. "इतकी वर्षं तपासली नाहीत?" म्हणाला. मी म्हणालो, कुणी विचारलं नाही. खोटं बोललो. तू रक्त मागितलं होतंस.

तू दवाखान्यात दर वेळी एकच गोष्ट विचारत होतीस, का लपवलंस. आज सांगतो.

चोवीस फेब्रुवारीला तुझं सेमिनारचं पत्र मिळालं. सव्वीसला डेपोत वरच्या साहेबांची तपासणी होती. नवे काळे बूट घातले, दिवसभर उभा होतो. संध्याकाळी बारक्या बोटाला फोड. एवढीशी, मसुराच्या डाळीएवढी. फुटली. हळद लावली. तुझ्या उंदराचं छिद्र डोक्यात होतं, म्हणून दिवस मोजायला लागलो. दहाव्या दिवशी पायमोजा काढून बघितलं, उघडी. पंधराव्या दिवशी उघडी. पंचविसाव्या दिवशी कडा काळ्या. तुझं गणित अगदी बरोबर होतं, बाईसाहेब. भिंगारात बसून मी तुझा प्रयोग पुरा केला.

त्या दिवशी इनलँड काढलं. "प्रज्ञा, पायाला जखम झाली आहे, भरत नाही" एवढं लिहिलंसुद्धा. मग ते सभागृह दिसलं. मी पाहिलेलं नाही ते, पण दिसलं. ओळीने खुर्च्या, पडद्यावर मी, आणि माझी बहीण हसते आहे. म्हटलं, हे पत्र गेलं तर तिला दुसरी स्लाइड मिळेल. इनलँड फाडलं. पुढे रोज वाटायचं, भरेल. तुला खोटं पाडण्यासाठी तरी भरेल.

तू म्हणालीस, माझ्या नसांवर सूड उगवतोय. असेल. पण चार महिने तो पायमोजा मी साखरेमुळे घातला नव्हता. तुझ्यामुळे घातला होता. हेही तुझ्या वहीत लिही.

महेंद्र


पुणे
१५ सप्टेंबर १९९८

दादा,

पत्र चार वेळा वाचलं. माझ्याकडे बचाव नाही.

मार्चमध्ये तू गप्प झालास तेव्हा मी ते रुसणं समजले. मला तसं समजायचं होतं. भरत नसलेल्या जखमा मोजायचा मला पगार मिळतो, आणि माझ्या सख्ख्या भावाची जखम मला नगरपासून पुण्यापर्यंत दिसली नाही. मी तुझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती नजर मी कुठून उचलली, तेही मला माहीत आहे. इथे पहिल्या वर्षी मेसमध्ये मी दुसऱ्यांदा भात मागितला, तेव्हा एका मुलीने दुसरीकडे अशीच बघून भुवई उडवली होती. मी त्या दिवसापासून दुसऱ्यांदा काही मागितलं नाही. मला वाटलं, मी सुधारले.

त्या हसण्याबद्दल माफी मागते. ती कमी पडेल, हेही लिहून ठेवते.

आता दोन गोष्टी. पहिली तुला आवडेल, कारण त्यात मी चुकले आहे. जूनमध्ये मी काही लठ्ठ उंदरांचं तूप निम्मं केलं आणि पिंजऱ्यात चाक बसवलं. सहा आठवडे ते रोज थोडं पळाले. वजन जवळजवळ उतरलंच नाही. बघणाऱ्याला ते तसेच गोल दिसतात. पण त्यांच्या कानाची छिद्रं चौदा दिवसांत भरली. रक्तात ते भडक कण कमी झाले होते आणि दुरुस्तीच्या पेशी वाढल्या होत्या. सर म्हणतात, मोजण्यात घोटाळा असेल. मी तीनदा मोजलं. मी लठ्ठपणालाच गुन्हेगार ठरवून बसले होते. शरीर जाड राहूनही दुरुस्त होऊ शकतं, हे माझ्या आराखड्यात कुठेच नव्हतं.

दुसरी गोष्ट तुला आवडणार नाही. तुझ्या पायाचा एक तुकडा तपासणीसाठी फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला आहे. त्यात रक्तवाहिनी आहे. तुझी सही असेल तर दवाखाना तो मला देईल. सर म्हणाले, सर्जनकडून परस्पर घेऊन टाक. मी नाही म्हणाले. पण मला तो हवा आहे. हे विचारताना माझ्यात बहिणीपेक्षा संशोधक जास्त आहे, ते लपवत नाही. तू नाही म्हणालास तर पुन्हा विचारणार नाही.

प्रज्ञा


भिंगार
१० ऑक्टोबर १९९८

प्रज्ञा,

सही करून कागद सोबत पाठवतो. घे तुकडा. मला त्याचं काही कौतुक नाही. तुझ्या सरांना म्हणावं, परस्पर घ्यायची सवय जुनी आहे तुमच्या लोकांची, आमच्याकडे आता सही करता येते.

बाकीचा पाय कुठे गेला ते तुला कुणी सांगितलं नसेल. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आई दवाखान्यात वॉर्डबॉयला म्हणाली, "माझ्या पोराचा पाय द्या." तो हसला. ती दारात बसून राहिली. दुपारी मेट्रनने कागद करून दिला. आईने पाय स्वतःच्या लुगड्यात गुंडाळला आणि विजयमालाबरोबर टेम्पोने भिंगारच्या स्मशानात नेला. खड्डा खणून मीठ टाकून पुरला. मला म्हणाली, "तुज्या बापापरीस जड लागला रं." मी त्या दिवशी पहिल्यांदा रडलो.

हे सगळं ठीक आहे. खरं लिहायचंय ते पुढे.

दिशा गेल्या सोमवारी शाळेत प्रार्थनेला उभी असताना खाली पडली. मला वाटलं ऊन. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न नाही. मग विजयमालाने दप्तर बघितलं, डबा बघितला. शेजारच्या पोरी म्हणाल्या, ही डबा रोज कॅन्टोन्मेंटच्या कुत्र्यांना घालते. जुलैपासून. घरात आमच्यासमोर अर्धी भाकरी खायची, म्हणायची शाळेत खाल्लं.

दिशा माझ्यावर गेली आहे, तुला माहीत आहे. पंधरावं चालू आहे आणि अंगाने भरलेली. तुझं एकेक पत्र तिने आजीला वाचून दाखवलं. वाचताना जे गाळायची ते तिने आजीला ऐकवलं नाही, स्वतःजवळ ठेवलं. तिच्या वहीत मागच्या पानावर तुझं वाक्य मिळालं, तुझ्याच शब्दांत. "वरून गुबगुबीत. आतून मात्र गंजलेले." खाली तारखा आणि वजनं.

मी तिला विचारलं, बाळ, हे काय? म्हणाली, "पप्पा, आत्या मलापण हसेल."

तू चुकलीस म्हणून लिहीत नाही. मीही त्या घरात होतो. तुझ्या पत्रांना तितकीच विषारी उत्तरं मी तिच्याच समोर बसून लिहिली. बारीक माणसांची टिंगल मी केली, जाड माणसांची तू केलीस, आणि ती पोर मध्ये उभी राहून दोन्ही वाचत होती.

पाय गेला. मुलगी देणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ये. तिला लेक्चर देऊ नकोस, तिला सांगून झालंय. तिच्या समोर बस आणि जेव. तुला पोटभर जेवताना मी कितीतरी वर्षांत बघितलेलं नाही. तिनेही बघितलेलं नाही.

महेंद्र


पुणे
२ नोव्हेंबर १९९८

दादा,

नीट पोचले. तुझ्यासमोर बोलता आलं नाही, ते लिहिते.

पहिल्या दिवशी वहिनीने बाजरीची भाकरी आणि शेवग्याच्या शेंगांची आमटी केली. तू मुद्दाम बाहेर जाऊन बसलास. मी पहिली भाकरी खाल्ली, दुसरी मागितली. मागताना मेसमधली ती भुवई आठवली, खरं सांगते. दिशा तिच्या ताटातली चतकोर भाकरी घेऊन बसली होती आणि माझ्याकडे टक लावून बघत होती. तिसरी मागितली तेव्हा आई म्हणाली, "खा पोरी, लाजू नगं." दिशाने विचारलं, "आत्या, तुमचं पोट नाही दुखणार?" मी म्हटलं, "दुखेल कदाचित. सवय नाही." मग तिने चतकोर संपवली. तेवढंच. पण संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी किल्ल्याच्या रस्त्याने फिरायला गेलो, ते तुला माहीत आहे. तिने मला चाकावरच्या उंदरांबद्दल विचारलं. ते पत्र तिने गाळलेलं नव्हतं. म्हणाली, "म्हणजे ते जाडच राहिले?" मी हो म्हणाले. "आणि तरी त्यांच्या जखमा भरल्या?" हो. मग म्हणाली, "हे आधीच मोजलं असतं तर?"

दादा, एवढ्या सेमिनारांत मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी तिला खरं ते सांगितलं. मोजायचं सुचलंच नाही, कारण मला उत्तर माहीत आहे असं वाटत होतं.

तुझ्या रक्तवाहिनीचा काप काल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. अस्तर जागोजाग सोललेलं आहे, मी तुला लिहिलं होतं तसंच. पण तपासताना पहिल्यांदाच मला ते कुणाचं तरी आहे हे विसरता आलं नाही. सर म्हणाले, छान नमुना. मी खोलीतून बाहेर गेले.

आता शेवटचं, स्टँडवरचं. तू कुबड्या घेऊन बाकावर बसला होतास, दिशा मला खिडकीपर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, बारावीनंतर माझ्या लॅबमध्ये ये, शिकवते. तिने मान हलवली, नाही म्हणून. अजिबात न चिडता म्हणाली, "मी डॉक्टर होणार. माझ्याकडे कुणी जाड माणूस आला ना, की आधी त्याला बसा म्हणणार. मग कुठे दुखतंय ते विचारणार. वजन सगळ्यात शेवटी."

गाडी सुटली.

प्रज्ञा